घोड्यांची मोजदाद : इंजिनाच्या शक्तीचे माप आणि त्या मापाची परीक्षा



साहित्य मंडळाच्या व्याख्यानमालेत इंजिनाचा विषय कशाला, असे काहींच्या मनात येईल. वास्कोत तरी हा प्रश्न पडू नये. हे गाव मापावर उभे राहिले आहे. १८८८ साली मुरगाव बंदरातून घाटाकडे आगगाडी सुरू झाली आणि मालाचे वजन, गाडीचे भाडे, बोटीचे टनेज यांचा हिशेब करणारी माणसे इथे येऊन राहिली. १९५७ मध्ये गोदी उभी राहिली तेव्हा इंजिने जाणणारे हातही जमले. पेडण्याहून, डिचोलीहून आलेल्या कुटुंबांपैकी कितीतरी जणांची पहिली नोकरी कुठल्या ना कुठल्या काट्याशी, तराजूशी किंवा यंत्राशी जोडलेली होती. तेव्हा माप कोण घेतो, कशाने घेतो आणि ते खरे आहे हे कोण पाहतो, हा प्रश्न आपल्याला नवा नाही. इंजिनाच्या संदर्भात गेली दोनशे-अडीचशे वर्षे तो कसा विचारला गेला, एवढेच आज सांगायचे आहे.

१. घोडा कुठून आला

मोटार विकत घेताना आपण विचारतो, "किती हॉर्सपॉवर?" या शब्दातला घोडा विक्रीच्या व्यवहारातून आला आहे. जेम्स वॉट आणि त्याचा भागीदार मॅथ्यू बोल्टन यांनी १७७५ पासून वाफेची इंजिने खाणमालकांना द्यायला सुरुवात केली. कॉर्नवॉलच्या खाणींतले पाणी उपसण्यासाठी जुनी न्यूकोमेनची इंजिने चालत असत आणि ती कोळसा फार खात. वॉटचे इंजिन तेच काम कमी कोळशात करी. म्हणून करार असा झाला, की जुन्या इंजिनाच्या मानाने जेवढा कोळसा वाचेल त्याच्या किमतीचा एकतृतीयांश भाग या भागीदारांना मिळावा.

आता वाचलेला कोळसा मोजायचा कसा? न जळालेल्या कोळशाचे वजन करता येत नाही. इंजिनाने किती ठोके मारले ते मोजायचे आणि त्यावरून जुन्या इंजिनाला किती कोळसा लागला असता याचा हिशेब करायचा, हाच मार्ग होता. म्हणून इंजिनावर ठोके मोजणारे एक यंत्र बसवले गेले. ते पेटीत बंद असे, पेटीला कुलूप असे आणि किल्ली बोल्टन-वॉट यांच्या माणसाकडे असे. खाणमालकांना हे रुचले नाही आणि पुढे पैसे देण्यावरून मोठे वाद झाले. इंजिनाच्या कामगिरीच्या मापाचा इतिहास असा कुलपापासूनच सुरू होतो.

पुढे वॉटची इंजिने गिरण्या फिरवू लागली. तिथे जुने इंजिन नव्हते, घोडे होते. गिरणीमालकाला विचारायचे होते, "माझे किती घोडे वाचतील?" म्हणून वॉटने गिरणीतल्या घोड्याचा हिशेब मांडून १७८३ मध्ये एका घोड्याचे काम मिनिटाला ३३,००० फूट-पौंड ठरवले. लंडनबाहेर दर घोड्यामागे वर्षाला पाच पौंड आणि लंडनात सहा पौंड, असा आकार बसला. दिवसभर राबणाऱ्या खऱ्या घोड्याला एवढे काम निभत नाही. वॉटने घोडा थोडा मोठाच धरला. त्यात गिऱ्हाईकाचा फायदा होता, कारण 'दहा घोड्यांचे' इंजिन घेतलेल्या माणसाला दहा खऱ्या घोड्यांहून जास्तच काम मिळे आणि तक्रारीला जागा उरत नसे. पहिले माप विकणाऱ्याने असे सढळ हाताने ठरवले. पुढच्या काळात उलट घडले आणि मापाचा सढळपणा कागदावरच राहू लागला.

वॉटकडे आणखी एक साधन होते. सिलिंडरातला दाब दाखवणारा निर्देशक. त्याचा सहायक जॉन सदर्न याने १७९६ मध्ये त्याला सरकता कागद जोडला आणि दाबाची आकृती आपोआप उमटू लागली. इंजिनाच्या पोटात काय चालले आहे ते या आकृतीवरून कळे. ही युक्ती त्यांनी बरीच वर्षे गुप्त ठेवली.

वॉटचे पेटंट १८०० मध्ये संपले. त्यानंतर कॉर्नवॉलमध्ये इंजिनांची निगा ढासळली, म्हणून १८११ पासून खाणमालकांनी लीन नावाच्या कुटुंबाकडे एक काम सोपवले. दर महिन्याला प्रत्येक इंजिनाने ठरावीक कोळशात किती पाणी किती उंच उचलले ते मोजून छापायचे. मोजणारा इंजिन बनवणारा नव्हता आणि आकडे सर्वांसमोर येत. त्या छापील तक्त्यांमुळे अभियंत्यांत चुरस लागली आणि पुढच्या पंचवीस वर्षांत कॉर्नवॉलची इंजिने जगात नावाजली गेली. आकडे फार चढले तेव्हा शंकाही निघाल्या आणि सर्वांसमक्ष पुन्हा चाचण्या घेण्यात आल्या. किल्ली एकाच्या खिशातून निघून तक्ता चारचौघांच्या हातात आला, हा फरक ध्यानात ठेवावा.

२. ब्रेकवरचा घोडा

इंजिनाच्या पोटातली शक्ती आणि त्याच्या दांड्यावर बाहेर मिळणारी शक्ती या दोन निराळ्या गोष्टी. मधली काही घर्षणात जाते. दांड्यावरची शक्ती थेट मोजण्याची सोपी तऱ्हा फ्रान्सच्या गास्पार द प्रोनी याने १८२१ मध्ये काढली. फिरत्या चाकाला लाकडी ठोकळ्यांनी करकचून आवळायचे आणि त्या ठोकळ्यांना एक लांब दांडा जोडायचा. चाक दांड्याला आपल्याबरोबर ओढू पाहते. दांड्याच्या टोकाला वजन टांगून त्याला आडवा स्थिर ठेवायचा. वजन, दांड्याची लांबी आणि चाकाचे मिनिटाला फेरे, या तिन्हींचा गुणाकार म्हणजे शक्ती. चाकाला ब्रेक लावून मोजलेली म्हणून ती 'ब्रेक हॉर्सपॉवर'. मोटारीच्या माहितीपत्रकात आजही छापले जाणारे बीएचपी ते हेच.

लाकूड तापते, जळते, आवळ कमीजास्त होते. मोठ्या जहाजांच्या इंजिनांना हा ब्रेक पुरेना. तेव्हा विल्यम फ्रूड या जहाजशास्त्रज्ञाने १८७७ मध्ये पाण्याचा ब्रेक मांडला. एका पेटीत पाणी आणि त्यात फिरणारे पंखे. पंखे पाणी घुसळतात, पाणी पेटीला वळवू पाहते आणि पेटीला जोडलेला दांडा तो जोर काट्यावर दाखवतो. इंजिनाची सगळी मेहनत पाणी तापवण्यात जाते. पुढे विजेवर चालणारे ब्रेक आले, पण दांडा आणि काटा तसेच राहिले.

या दांड्यात एक व्यवहारी शहाणपण आहे. मेट्रिक पद्धतीत दांडा ७१६.२ मिलिमीटर लांब ठेवला तर हिशेब अगदी सोपा होतो. काट्यावरचे किलो गुणिले फेरे, भागिले हजार, की झाले घोडे. काट्यावर २० किलो आणि मिनिटाला ३,००० फेरे असतील तर ६० घोडे. कामगाराला पाटी-पेन्सिलही लागत नाही. पण म्हणूनच तो दांडा मोजून घ्यावा लागतो. तो एका सेंटिमीटरने चुकला तर उत्तर १.४ टक्क्याने चुकते आणि काटा कितीही नाजूक असला तरी ही चूक त्यात दिसत नाही.

म्हणून चांगल्या प्रयोगशाळेत इंजिन सुरू करण्याआधी ब्रेकचीच परीक्षा होते. दांड्यावर प्रमाणित वजने एकेक करून चढवायची आणि प्रत्येक वेळी काटा वाचायचा. मग तीच वजने एकेक करून उतरवायची आणि पुन्हा वाचायचे. चढताना आणि उतरताना एकाच वजनाला दोन आकडे आले, तर कुठेतरी बेअरिंग अडते आहे असे समजावे. सगळी वजने काढल्यावर काटा शून्यावर आला नाही, तर तो दिवस मोजणीचा नाही. ही वजने स्वतः कुणाकडून तरी तपासून आलेली असतात, त्या तपासणाऱ्याची वजने आणखी वरच्या दर्जाच्या वजनांशी ताडलेली असतात आणि अशी साखळी राष्ट्रीय प्रमाणापर्यंत जाते. मधली एक कडी निघाली तर आकडा उरतो, त्याच्या मागचा आधार जातो.

३. गोव्यातले दोन घोडे

घोडा एकच नव्हता, हे आपल्याइतके कुणाला ठाऊक असावे? इंग्रजांचा घोडा सेकंदाला ५५० फूट-पौंडांचा, म्हणजे आजच्या मापात ७४५.७ वॅट. युरोपातल्या मेट्रिक देशांचा घोडा सेकंदाला ७५ किलोग्रॅम-मीटरचा, म्हणजे ७३५.५ वॅट. पोर्तुगीजांचा 'कॅव्हालो-व्हापोर' हा दुसऱ्या जातीचा. एकच इंजिन सरहद्दीपलीकडे १०० घोड्यांचे आणि इकडे १०१.४ घोड्यांचे. फरक १.४ टक्के, म्हणजे वरच्या दांड्यातल्या एका सेंटिमीटरच्या चुकीएवढाच. जुनी जर्मन आणि इंग्रजी माहितीपत्रके शेजारी ठेवून मोटारींची तुलना करणाऱ्याने आधी घोड्याची जात विचारली पाहिजे. हे अजूनही खरे आहे, कारण आजच्या जाहिरातींत बीएचपी आणि पीएस ही दोन्ही अक्षरे सरमिसळ वापरली जातात.

तिसरा घोडा करवसुलीचा. विलायतेत मोटारीवरचा कर इंजिनाच्या 'घोड्यांवर' बसे, पण ते घोडे ब्रेकवर मोजलेले नसत. सिलिंडरचा व्यास इंचांत घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा, सिलिंडरांच्या संख्येने गुणायचे आणि अडीचने भागायचे. १९२२ साली आलेल्या ऑस्टिन सेव्हनचा 'सेव्हन' हा असा कराचा आकडा. ब्रेकवर ते इंजिन दहाहून अधिक घोडे देई. या सूत्रात पिस्टन वरखाली किती अंतर जातो ते धरलेलेच नव्हते. मग कारखानदारांनी काय करावे? कर वाचवण्यासाठी अरुंद आणि उंच सिलिंडरांची इंजिने बनवली. मापाने इंजिनाचा आकार बदलला. माप निष्पाप नसते. ज्यावर पैसा बसतो, त्याच्याभोवती वस्तू आकार घेऊ लागते.

४. शिगेचे माप आणि सपाट माप

भात मोजण्याची पायली आपल्या घरांत होती. कुळाकडून घेताना ती शिगेची भरायची आणि देताना वरून काठी फिरवून सपाट करायची, अशा गोष्टी जुन्या माणसांनी ऐकल्या असतील. पायली तीच, धान्य मात्र निराळे.

अमेरिकेत मोटारींच्या बाबतीत अगदी हेच चालले होते. इंजिन ब्रेकवर चढवताना त्याची हवेची जाळी काढायची, धुराड्याचा नळ आणि सायलेन्सर काढायचा, पंखा आणि डायनॅमो सोडवायचे आणि मग मोजायचे. ही 'ग्रॉस' शक्ती. गाडीत बसवलेल्या, सगळे जोडकाम असलेल्या इंजिनाची ती 'नेट' शक्ती. १९६० च्या दशकात मोठमोठे ग्रॉस आकडे जाहिरातींत झळकत होते. १९७२ च्या मॉडेलांपासून तिथले कारखानदार नेट आकड्यावर आले आणि लोक चकित झाले. कॅडिलॅक एल्डोराडोचे सव्वाआठ लिटरांचे इंजिन १९७१ मध्ये ३६५ घोड्यांचे होते, ते १९७२ मध्ये २३५ घोड्यांचे झाले. इंजिन तेच. पायलीवरून काठी फिरली, एवढेच.

पण सपाट मापातही हात फिरवण्याला जागा राहते. तेल कुठले, हवा कशी, थंड करणारे पाणी किती गरम. नियमांत जिथे पोकळी होती तिथे प्रत्येकाने आपल्या सोयीचा अर्थ लावला. २००१ मध्ये माझदाने अमेरिकेत आपली मियाटा गाडी १५५ घोड्यांची म्हणून जाहीर केली, पण ती प्रत्यक्षात १४२ घोड्यांची निघाली. कंपनीने गिऱ्हाईकांना गाड्या परत घेण्याची तयारी दाखवली. २००५ मध्ये तिथल्या मोटार अभियंत्यांच्या संस्थेने नियमातल्या पोकळ्या बुजवल्या आणि चाचणीच्या वेळी बाहेरचा साक्षीदार हजर असेल तरच आकड्याला 'प्रमाणित' म्हणता येईल, असे ठरवले. त्यानंतर टोयोटा कॅमरीचे व्ही-सिक्स इंजिन २१० वरून १९० घोड्यांवर उतरले. सगळेच उतरले नाहीत. कॉर्व्हेटच्या एका इंजिनाचा आकडा ५०० वरून ५०५ झाला. साक्षीदार बसला की माप खालीच जाते असे नाही. ते खरे होते.

५. हवेची दुरुस्ती

वास्कोच्या लोकांना एक गोष्ट वेगळी समजावून सांगायला नको. बंदरात खनिजाचे जहाज भरताना किती टन माल चढला ते कसे ठरते? जहाजाच्या अंगावर रंगवलेल्या खुणांवरून ते किती बुडाले ते पाहायचे. पण तेवढ्याने भागत नाही. बादलीने समुद्राचे पाणी काढून त्याची घनता मोजावी लागते. खाऱ्या पाण्यात जहाज जास्त तरंगते, गोड्या पाण्यात जास्त बुडते. पावसाळ्यात झुआरीचे पाणी मिसळून बंदरातले पाणी हलके होते. साठ हजार टन पाणी बाजूला सारणाऱ्या जहाजाच्या हिशेबात घनता १.०२५ ऐवजी १.०२० निघाली, तर जवळजवळ तीनशे टनांचा फरक पडतो. म्हणून खुणा वाचताना विकणाऱ्याचा माणूस आणि घेणाऱ्याचा माणूस, दोघेही असावेत ही जुनी शहाणी रीत.

इंजिनाचे समुद्राचे पाणी म्हणजे हवा. इंजिन हवा ओढते, तिच्यात इंधन जाळते. हवा विरळ असेल, तापलेली असेल किंवा दमट असेल, तर तेवढ्याच ठोक्यात प्राणवायू कमी मिळतो आणि शक्ती घटते. म्हणून मोजलेला आकडा एका ठरलेल्या हवेवर आणून सांगायचा असतो. ५०० मीटर उंचीच्या गावी आणि किनाऱ्यावर घेतलेली मापे नाहीतर ताडता येणार नाहीत. आंतरराष्ट्रीय मानकात ही ठरलेली हवा २५ अंश सेल्सियसची आणि बाष्प वजा जाता ९९ किलोपास्कल दाबाची आहे.

एक हिशेब करून पाहू. ठरलेल्या हवेत बरोबर १०० घोडे देणारे साधे पेट्रोल इंजिन वास्कोत आणले. तापमान ३२ अंश, आर्द्रता ७५ टक्के, हवेचा दाब १०१ किलोपास्कल. बाष्पाचा दाब वजा केला तर ९७.४ उरतात. मानकाच्या सूत्राने गुणक येतो १.०३४, म्हणजे ब्रेकवर दिसतील ९६.७ घोडे. तेच इंजिन पुण्याला नेले. उंची सुमारे ५६० मीटर, दाब ९५ किलोपास्कलच्या आसपास, तापमान २५ अंश आणि हवा बेताची कोरडी. गुणक १.०७१ आणि घोडे ९३.४. समुद्रसपाटीचा फायदा आपल्याकडे, पण आपल्या उकाड्याने त्यातला निम्मा खाऊन टाकला.

गंमत पुढे आहे. त्याच मानकात असे बंधन आहे, की दुरुस्तीचा गुणक ०.९३ ते १.०७ या हद्दीत असला पाहिजे. त्याबाहेर गेला तर चाचणीची हवा अहवालात स्पष्ट लिहावी लागते, कारण सूत्रावर फार मोठा भार टाकू नये. म्हणजे पुण्याच्या उघड्या हवेत हे इंजिन हद्दीवरच उभे राहते. दुरुस्ती हा अंदाज आहे आणि मोठ्या दुरुस्तीत मोठी चूक लपू शकते, हे त्या बंधनामागचे तत्त्व.

आणि लपवणाऱ्याला इथेच वाव आहे. हल्ली मोठ्या शहरांतून गाडीची चाके रोलरवर चढवून शक्ती मोजून देणारी दुकाने आहेत. तिथे हवेचे तापमान मोजणारी तार इंजिनाच्या गरम भागाजवळ ठेवली आणि ३२ च्या जागी ४५ अंश नोंदले गेले, तर केवळ तेवढ्याने आकडा अडीच टक्क्यांनी वाढतो. कुणी खोटे लिहिले नाही, यंत्र बिघडलेले नाही, तरी शंभर घोड्यांत अडीच घोडे हवेतून आले. शिवाय रोलरवर चाकाची शक्ती मोजली जाते. गिअर आणि टायर यांत गेलेली शक्ती तर्काने मिळवून 'इंजिनाची' म्हणून सांगतात, तो आणखी एक अंदाज. अशा कागदावर दुरुस्तीपूर्वीचा आकडा, तापमान, दाब आणि कुठले मानक लावले ते लिहिलेले नसेल, तर तो कागद शोभेचा.

६. वेताळ टेकडीवरची प्रयोगशाळा

आपल्याकडे मोटारींच्या मापांची परीक्षा संस्थेच्या रूपाने उभी राहिली ती पुण्यात. ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, लोकांच्या तोंडी एआरएआय, ही संस्था १९६६ मध्ये मोटार कारखानदार आणि भारत सरकार यांच्या सहयोगाने स्थापन झाली. कोथरूडजवळच्या वेताळ टेकडीवर तिचा परिसर आहे. १९८८ चा मोटार वाहन कायदा आणि १९८९ चे केंद्रीय मोटार वाहन नियम आले, तेव्हा नियम १२६ नुसार प्रत्येक नव्या नमुन्याच्या गाडीची परीक्षा मान्यताप्राप्त संस्थेकडून करून घेणे कारखानदारांवर बंधनकारक झाले. एआरएआय आणि अहमदनगरची लष्करी वाहन संशोधन संस्था ही त्यांतली जुनी नावे. आज आपण शोरूममध्ये ज्याला 'कंपनीचे मायलेज' म्हणतो, त्यामागेही बहुधा असेच प्रमाणपत्र असते.

कारखानदाराने सांगितलेला आकडा आणि प्रयोगशाळेत आलेला आकडा तंतोतंत जुळत नाही आणि जुळूही नये. किती फरक चालेल, ते आधी ठरलेले असते. संयुक्त राष्ट्रांच्या युरोप आर्थिक आयोगाचा इंजिनशक्तीबद्दलचा ८५ क्रमांकाचा नियम कमाल शक्तीसाठी पहिल्या मंजुरीच्या वेळी दोन टक्क्यांची सूट देतो आणि पुढे कारखान्यातून निघणाऱ्या इंजिनांना पाच टक्क्यांची. म्हणजे ९० घोड्यांच्या आणि ९३ घोड्यांच्या दोन गाड्यांत खरी कुठली जोरकस, हे त्या आकड्यांवरून सांगताच येत नाही. डिचोलीच्या खाणपट्ट्यात कर्ज काढून टिपर घेणाऱ्या माणसाने दोन माहितीपत्रकांतल्या दोन-तीन घोड्यांच्या फरकावर रात्र घालवली असेल, तर ती वाया गेली. २०१२ मध्ये खाणी बंद पडून ट्रक दारात उभे राहिले तेव्हा हप्ते मात्र थांबले नाहीत. अशा निर्णयात कुठला आकडा वजनाचा आणि कुठला पोकळ हे कळणे, ही चैन नव्हे.

एआरएआयच्या रचनेत एक ताण जन्मापासून आहे. ज्यांच्या गाड्या तपासायच्या त्यांच्याच सहभागाने ती उभी राहिली. त्यात गैर काही नाही, साधने आणि पैसा तिथूनच येणार होते. पण या ताणाची परीक्षा दोनदा झाली.

पहिली २०१३ मध्ये. जनरल मोटर्सने आपल्या टवेरा गाड्यांच्या धुराच्या चाचण्यांत गैरप्रकार झाल्याचे सरकारला स्वतः कळवले आणि १ लाख १४ हजार गाड्या परत बोलावल्या. परीक्षेला जाणारी इंजिने आधीच निवडून ठेवलेली होती. प्रयोगशाळेचा काटा बरोबर होता, पण काट्यावर आलेला नमुना ढिगातला नव्हता. भाताच्या पोत्यात वर चांगले आणि खाली कोंडा, हा प्रकार कुठल्याही बाजाराला माहीत आहे. म्हणूनच धान्य पाहणारा पोत्यात मध्यावर आकडी खुपसतो.

दुसरी २०१५ मध्ये. फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्यांतल्या संगणकाला आपली परीक्षा चालू आहे हे ओळखता येई आणि तेवढ्यापुरता तो धूर स्वच्छ ठेवी. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी मोजणीची यंत्रे गाडीतच चढवून ती रस्त्यावर चालवली, तेव्हा प्रयोगशाळेतले आणि रस्त्यावरचे आकडे जुळेनात. भारतात एआरएआयने तपासणी केली, तीतही रस्त्यावरचा धूर जास्त आढळला आणि डिसेंबर २०१५ मध्ये कंपनीने ३,२३,७०० गाड्या परत बोलावण्याचे जाहीर केले. २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने ५०० कोटींचा दंड ठोठावला, त्यावर कंपनी सर्वोच्च न्यायालयात गेली. या प्रकरणाचा धडा नियमांत उतरला. एप्रिल २०२३ पासून भारतातही गाड्यांचा धूर प्रत्यक्ष रस्त्यावर मोजणे लागू झाले. परीक्षार्थ्याला परीक्षेचा दिवस ओळखता आला, तर परीक्षा फक्त त्या दिवसाची होते.

ही दोन्ही उदाहरणे धुराची आहेत, शक्तीची नाहीत. पण इंजिन तेच असते आणि तिन्ही मापे, शक्ती, इंधन आणि धूर, एकमेकांत गुंतलेली असतात. एक आकडा सुंदर करण्यासाठी दुसऱ्याला धक्का लावावा लागतो. म्हणून तिन्ही एकाच वेळी, एकाच इंजिनावर, एकाच स्थितीत घेतलेली असली पाहिजेत, ही मागणी रास्त आहे.

७. नाण्यांचा तराजू

शेवटी आपल्याच मातीतल्या एका माणसाचे स्मरण करतो. मुरगाव तालुक्यातल्या सांकवाळचे धर्मानंद कोसंबी मराठी वाचकांना परिचित आहेत. त्यांचे पुत्र दामोदर, जन्म १९०७, गोव्यातलाच. गणिती म्हणून पुण्यात फर्ग्युसन महाविद्यालयात शिकवत असताना त्यांनी तक्षशिलेच्या ठेव्यांतल्या प्राचीन चांदीच्या नाण्यांची वजने अभ्यासायला घेतली. लोक नाण्यांवरचे ठसे वाचत होते, कोसंबींनी वजने वाचली. हातोहात फिरताना नाणे झिजते, म्हणून जितके जास्त फिरलेले नाणे तितके सरासरी वजन कमी. आणि दुसरी, जास्त महत्त्वाची गोष्ट म्हणजे जास्त फिरलेल्या नाण्यांच्या वजनांतला आपसातला फरकही वाढत जातो. एका नाण्याच्या वजनावरून काहीच कळत नाही. शेकडो नाण्यांची सरासरी आणि त्यांचा विस्कळीतपणा, दोन्ही मिळून इतिहास सांगतात.

इंजिनाच्या परीक्षेला हीच दृष्टी लागते. एका इंजिनाचा एका दिवशीचा एक आकडा म्हणजे एक नाणे. तेच इंजिन तीनदा मोजून आकडे किती जवळ पडतात, दुसऱ्या प्रयोगशाळेत किती पडतात, ढिगातून न निवडता उचललेल्या दहा इंजिनांचे किती विखुरतात, हे कळल्याशिवाय माप पुरे होत नाही. तीनही वेळा सारखाच आकडा आला म्हणून तो खरा असेल असेही नाही. दांडा एक सेंटिमीटर चुकलेला असेल तर तिन्ही वेळा सारखीच चूक येईल. आकडे एकमेकांशी जुळणे आणि सत्याशी जुळणे या दोन निराळ्या परीक्षा आहेत.

या सगळ्या इतिहासातून सामान्य माणसाच्या हाती चार प्रश्न येतात. माप कुठल्या जातीचे, बीएचपी की पीएस, ग्रॉस की नेट? मोजले कुणी, विकणाऱ्याने की तिसऱ्याने? साधन शेवटचे कधी आणि कशाशी ताडले? आणि दुरुस्ती कितीची केली, तिच्या आधीचा आकडा काय होता? मोटारीला, धुराच्या प्रमाणपत्राला, विजेच्या मीटरला, घरपट्टीच्या मोजणीला, जहाज भरणाऱ्या मालाला, सगळ्यांना हे प्रश्न लागू पडतात. विचारायला अभियंता असण्याची गरज नाही. कॉर्नवॉलच्या खाणमालकांनाही इंजिनाचे शास्त्र येत नव्हते. कुलपाची किल्ली दुसऱ्याच्या खिशात आहे एवढेच त्यांना दिसत होते आणि त्यांनी ती मागितली.